कापसातली संथा

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. आपल्या नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, याची तिला ती जाईपर्यंत खात्री होती. तिच्यापासून एवढी एकच गोष्ट लपवली, आणि ती इतकी वर्षं लपून राहिली की कधी कधी मलाच वाटतं, हे घडलं होतं, की कापसाच्या ढिगावर डोळा लागला असताना मी ते नुसतं पाहिलं? घडलं होतं. तेवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको.

अकोल्यात माझं थोडंबहुत नाव आहे. वकिलीच्या सनदेची परीक्षा द्यायची म्हटली की आसपासच्या गावांतली मुलं माझ्या ओसरीवर येऊन बसतात. मी फार काही शिकवत नाही. एवढंच सांगतो—कलम वाचा, पुस्तक मिटा, आणि वाचलेलं अशा कुणाला तरी सांगा, ज्याला कायद्याचं काही सोयरसुतक नाही. पुस्तकातले शब्द वापरायचे नाहीत. आपल्या शेतातलं, आपल्या आळीतलं उदाहरण द्यायचं. ऐकणारा 'काहून?', म्हणजे 'का?', म्हणाला आणि उत्तर सुचलं नाही, तर कलम कळलेलं नाही. पुस्तक पुन्हा उघडायचं. उद्या परत सांगायचं, पण मागून पुढे, मधूनच, कुठूनही. मुलं पास होतात. लोक याला गोविंदरावांची रीत म्हणतात. रीत खरी आहे. गोविंदरावांची नाही.

ती तुळशीरामची आहे.

कुठून सुरू करू? त्या सालांचं मला नीट असं काही आठवत नाही—पांढरं आठवतं. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून विलायत आमच्या वऱ्हाडापुढे पदर पसरून उभी होती. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या जाऊन चांदीच्या आल्या. अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नसे, आणि वाटेच्या दोन्ही अंगांच्या बोरी-बाभळींना कापूस अडकून राही. उन्हात पाहिलं की झाडांना अवेळी मोहोर आल्यासारखं दिसे. माणसंही जरा तशीच झाली होती. जे कधी होणार नव्हतं ते आता होईल, असं ज्याला त्याला वाटे. चांदूरकडच्या एका पाटलाच्या धाकट्या मुलाला वकील व्हावंसं वाटलं आणि पाटील हो म्हणाले, ते त्याच हवेतलं.

तो मुलगा तुळशीराम. अमरावतीच्या मराठी शाळेत आम्ही एका पाटावर बसलेलो. पाटलांनी त्याला परवानगी दिली ती अट घालून—भाव आहे तोवर. भाव उतरला की वकिली पुरे, घरी यायचं, नांगर धरायचा. म्हणजे त्याला परीक्षा एकदाच देता येणार होती. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्याच्या गावी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खुद्द पाटील माझ्या पाया पडले. मला नुकतंच मिसरूड फुटलेलं, त्यांच्या मिशा पिकलेल्या; पण भटजींचा मुलगा दारी आला की पाया पडायचं, हा तिथला रिवाज. घरातली सगळी पडली. तुळशीराम तेवढा खांबाला टेकून हसत उभा. "मी नाई पडत बुवा याच्या," म्हणाला. "शाळेत याले हिशेब मी सांगतो." पाटील त्याच्यावर डोळे वटारून राहिले. मला मात्र ते फार आवडलं होतं. त्या दिवशी त्या घरात मी महाराज नव्हतो असा तो एकटाच माणूस होता, आणि त्या वयात ते किती हवंहवंसं असतं!

आम्ही अभ्यासाला बसत असू ते अमरावतीच्या एका अडत्याच्या वखारीत. तुळशीरामच्या घरचा कापूस तिथे उतरे आणि त्यावर लक्ष ठेवायला तो तिथेच एका खोलीत राही. दुपारी वखारीत शिरलं की बाहेरचं जग बंद होई. छतापर्यंत कापूस. झरोक्यातून उन्हाची तिरीप येई, तीत तंतू तरंगत—खाली येतायत की वर चाललेत, कळत नसे. एका अंगाला बायका रेच्यावर कापसातली सरकी वेगळी काढत बसलेल्या. लाकडी लाटांची एकसारखी कुरकुर चाललेली. आमच्या दोघांत कायद्याचं मराठी पुस्तक एकच. मी वाचायचो, तो ढिगावर उताणा पडून ऐकायचा. मग तो उठायचा, बायकांजवळ जाऊन बसायचा, आणि ऐकलेलं त्यांना सांगायचा.

मला आधी हसू यायचं. मुदतीचा कायदा, म्हणजे वेळेत फिर्याद लावली नाही तर हक्क बुडतो तो, आणि सांगायचा कोणाला, तर सरकी काढणाऱ्या भागाबाईला! पण तो सांगायचा कसा? त्याच्या बापाच्या शेताच्या बांधावर एक झाड होतं, बाभळीचं. शेजाऱ्यानं त्याच्या सावलीत गुरं बांधली, त्याचा पाला शेळ्यांना घातला, फांद्या तोडून कुंपण केलं. बाप बघत राहिला, बोलला नाही, जणू झोपलेलाच. झाड मोठं झालं, तसा एक दिवस बाप उठला आणि म्हणाला, झाड माझं. आता न्यायाधीशानं काय करावं? भागाबाईचे हात थांबायचे. "काहून? झाड त त्याचंच ना?" ती विचारायची. मग तुळशीराम तिला समजावायचा, अडायचा, डोकं खाजवायचा, माझ्या हातातून पुस्तक ओढून घ्यायचा, वाचायचा, परत सांगायचा. ती मान हलवेपर्यंत सोडायचा नाही. तिनं मान हलवली की ते कलम त्याच्या अंगी लागलं. मग तुम्ही त्याला झोपेतून उठवून, कुठूनही विचारा.

आणि मी? माझं सगळं पाठ होतं. आमच्या घराण्याची इस्टेट म्हणजे पाठांतर. वडील संथा देत—ते एकदा म्हणत, समोरच्यानं दोनदा म्हणायचं, अर्थ विचारायचा नाही, आणि मधे कुठे पाठ तुटला तर तिथून जोडायचा नाही, मुळापासून म्हणायचा. मी तसंच कायद्याचं पुस्तक पाठ केलं होतं. एकदा तुळशीराम नसताना मीही बायकांना एक कलम सांगून पाहिलं. त्यांनी आदरानं ऐकलं. कोणीच 'काहून' म्हणालं नाही. आणि थोड्या वेळानं रेचे पुन्हा कुरकुरू लागले.

त्या दिवसापासून माझ्या आत काहीतरी आंबत गेलं. त्याला मत्सर म्हणतात, हे मला आज कळतं, असं नाही—तेव्हाही कळत होतं.

माझे मामा अकोल्याच्या कचेरीत कारकून होते. शिमग्याच्या सुमारास ते अमरावतीला आले आणि जेवताना सहज परीक्षेबद्दल बोलले. परीक्षा घेणारा गोरा साहेब पाठ ऐकत नाही, म्हणाले. एखादी हकीकत सांगतो आणि विचारतो, आता निकाल दे. कोणी घडाघडा म्हणायला लागला की मधेच तोडतो. मागच्या खेपेला पाठवाले एकजात पडले. वडिलांना ते पटलं नाही. ज्याला पाठ आहे त्याला सगळं आहे, म्हणाले.  मामा जी सांगत होते ती परीक्षा तुळशीरामची होती. जणू त्यालाच बोलावून, विचारून बेतलेली.

जेवण उरकून मी वखारीकडे निघालो तो त्याला हेच सांगायला. हे खरं आहे, आणि यानं काही कमी होत नाही.

तो ढिगावर पडला होता. डोक्यात कापूस, मिशीत कापूस. मला पाहून कोपरावर उठला. "काय म्हन्तात मामा? काय इचारते सायेब?"

मी म्हणालो, शब्दन् शब्द विचारतो. एक अक्षर हललं की गेलं.

कापसाच्या वखारीत आवाज घुमत नाही. बोललेलं जिथल्या तिथे मुरतं. माझे शब्द बाहेर पडले आणि गेले. मला तर वाटलं, मी बोललोच नाही. रेचे चालू होते. झरोक्यातले तंतू तसेच तरंगत होते. आत्ता हसावं आणि म्हणावं, थट्टा केली रे—एवढा वेळ होता. पुष्कळ वेळ होता. मी तंतूंकडे पाहत राहिलो.

 मग त्यानं जे केलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तो उठला, रांजणाशी गेला, हातपाय धुतले, डोक्याला पागोटं नीट बांधलं, आणि माझ्यासमोर पूर्वेकडे तोंड करून बसला. "मंग मले संथा दे," म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत कोनाले भटाच्या घरची संथा नाई भेटली."

मी दिली.

आता आलोच आहे तर पुरतं सांगतो. मी त्याला आमच्या घरची रीत जशीच्या तशी शिकवली. मी एकदा म्हणायचं, त्यानं दोनदा. अर्थ नाही, उदाहरण नाही, बाभूळ नाही. आणि तुटलं की मुळापासून. मामा काय म्हणाले होते, ते आठवतं ना? साहेब मधेच तोडतो. मलाही ते आठवत होतं. पहिलं खोटं तोंडातून निसटलं, असं मी कदाचित म्हणू शकलो असतो. हे निसटलं नव्हतं. हे मी रोज, मांडी घालून, त्याच्या समोर बसून, त्याचे उच्चार प्रेमानं सुधारत शिकवत होतो. तो चुकला की पुन्हा मुळाकडे पाठवत होतो. आणि तो जात होता—न कुरकुरता, डोळे मिटून, एखाद्या व्रतासारखं. त्याचा आवाज किती सुरेख लागायचा! वखारीच्या त्या मऊ शांततेत त्याच्या तोंडून कायद्याची कलमं ऐकताना मला गुंगी यायची. मी खोटं शिकवतोय हे मी विसरून जायचो, असं म्हणावंसं वाटतं. विसरत नव्हतो.

तो बायकांजवळ जाईनासा झाला. सकाळी नदीकडे जाऊन पाठ म्हणत बसे. त्या वेळी वखारीत मी जाऊ लागलो. भागाबाईशेजारी बसलो, पुस्तक मिटलं, आणि सांगू लागलो—बांध, झाड, शेळ्या, झोपलेला बाप. त्याचेच शब्द, त्याचंच हसणं, तो थांबायचा तिथेच थांबणं. आता बायका विचारू लागल्या. मी अडू लागलो, शिकू लागलो. एक दिवस भागाबाईनं रेचा थांबवला. "हे त धाकल्या पाटलाईनं सांगतलं होतं," म्हणाली. "ते काहून नाई येत आता?"

 त्यांचा अभ्यास आहे, म्हणालो.

चैत्रात आम्ही छकड्यानं अकोल्याला निघालो. आगगाडी अजून यायची होती. तिच्यासाठी घातलेला मातीचा भराव वाटेत कुठे कुठे दिसे, नुसताच लांबवर गेलेला, वर काही नसलेला. पळस पेटून विझले होते. बैलांच्या घुंगरांच्या तालावर तुळशीराम पाठ म्हणत होता, मुळापासून शेवटापर्यंत, आणि शेवट झाला की पुन्हा मुळापासून. मधेच माझ्याकडे पाहून हसला. आपल्याला हे साधेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. तू होतास म्हणून. मी छकड्याबाहेर पाहत राहिलो. ती वाट कधी संपू नये असं मला वाटत होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

कचेरीची दारं उन्हामुळे उघडीच होती. बाहेर ओट्यावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येई. तुळशीरामला आधी बोलावलं. साहेबाच्या शेजारी एक देशी अंमलदार होते, ते प्रश्न करत. त्यांनी विचारलं—एकाच्या जमिनीचा एक पट्टा शेजारी वर्षानुवर्षं कसतोय, धनी पाहतो पण बोलत नाही. आता फिर्याद लावली तर काय निकाल द्याल?

बाभूळ!  त्याला फक्त तोंड उघडून बापाच्या बांधावरचं झाड सांगायचं होतं.  मग त्याचा तो सुरेख आवाज आला—मुदतीच्या कायद्याचं पहिलं कलम, पहिल्या शब्दापासून. अंमलदारांनी थांबवलं. निकाल विचारलाय, म्हणाले. तो थांबला, आणि तुटलं होतं म्हणून मुळापासून लागला. पुन्हा थांबवलं. पुन्हा मुळापासून. आत कोणीतरी हसलं. त्याचा आवाज थोडा चढला, थोडा कापला, पण एक अक्षर हललं नाही. शेवटी साहेबच काहीतरी बोलला आणि तुळशीराम बाहेर आला. घामानं डबडबलेला, गोंधळलेला. माझ्या शेजारी ओट्यावर बसला.

मग मला बोलावलं. अंमलदार वैतागलेले होते. मघाचाच प्रश्न, म्हणाले, तुम्हाला तरी येतो का पाहू.

मी सांगितलं. काय सांगितलं, ते तुम्हाला कळलंच असेल. बांध, बाभूळ, शेळ्या, कुंपण. झोपलेला बाप. अंमलदारांनी साहेबाला ते इंग्रजीत करून सांगितलं तसा तो मोठ्यानं हसला. दारं उघडी होती.

मी बाहेर आलो तेव्हा तुळशीराम ओट्यावरच होता. मला वाटलं, आता. आता तो विचारेल. मी त्याच्या तोंडून तो एक शब्द येण्याची वाट पाहत उभा राहिलो—बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की मला काही दिसत नव्हतं.

"माहंच झाड सांगतलं तू सायबाले," तो म्हणाला. मग ओट्यावरून उठत, "बरं झालं. कोनाच्या त कामी आलं."

एवढंच. आणि परतीच्या वाटेवर म्हणाला की तू दिलेलं मला टिकवता आलं नाही, मीच गडबडलो. मला सनद मिळाली. पाऊस लागायच्या आत अमेरिकेतली लढाई थांबल्याची तार आली, कापसाचा भाव धाडकन खाली बसला, आणि तुळशीरामच्या घरून त्याला न्यायला गाडी आली. वखार रिकामी झाली होती. रिकाम्या वखारीत आवाज घुमतो. त्याला निरोप देताना मी जे दोन शब्द बोललो, ते मला परत ऐकू आले.

त्यानंतर मी अकोल्याला बिऱ्हाड केलं. आमची भेट कधीमधी व्हायची, लग्नकार्यात. मुदतीचा कायदा मी कोर्टात हजारदा वापरला असेन. त्या कायद्यानं पाहिलं तर माझ्यावर आता कोणाचीच फिर्याद लागत नाही.

आणि मग, केस पिकल्यावर, तो एक दिवस माझ्या ओसरीवर आला, मिसरूड फुटलेल्या मुलाला घेऊन. मुलाला वकील व्हायचं होतं. तुळशीराम आता मला तुमी म्हणत होता. "तुमी मले देल्ली तशीच संथा याले द्या," म्हणाला. "मी कच्चा निंगालो. हा पक्का निंगन." मुलानं पाहावं म्हणून तो तिथेच मांडी घालून बसला, पूर्वेकडे तोंड केलं, डोळे मिटले, आणि म्हणू लागला. मुदतीचा कायदा, पहिल्या कलमापासून. आवाज बसला होता, पण अक्षर न् अक्षर जागेवर. जिथे त्याला थांबवलं होतं ती जागा आली, गेली. तो शेवटापर्यंत म्हणत गेला. मुलगा हळूच मला म्हणाला, बाबा वखरामागे चालताना रोज म्हणतात. इतकी वर्षं.

शेवट झाल्यावर त्यानं डोळे उघडले. "पाहा, एक अक्षर सुटलं नाई. सायबानं थांबोलं नसतं त झालंच होतं."

मी म्हणालो, शाबास.

मुलाला मी दुसऱ्या दिवसापासून पुस्तक मिटायला लावलं. अंगणात धुणं धुणाऱ्या बाईपाशी बसवलं, उदाहरणं द्यायला लावली. पोरगा हुशार होता, बापासारखा. आणि मी त्याला बजावलं—इथे कसं शिकतोस ते घरी सांगू नकोस. त्यानं कारण विचारलं नाही. मोठ्यांना काहून विचारायचं नाही, हे त्याला घरी शिकवलेलं होतं.

तो पास झाला. बातमी कळली तसा तुळशीराम आला, डोक्यावर तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन. टोपलं खाली ठेवलं, हसला, खांबाला टेकून हसायचा तसाच. तुमची संथा चोख होती महाराज, म्हणाला, भांडंच फुटकं होतं. मग म्हणाला, "तवा पडलो नाई. आज पडू द्या."

तो वाकला. त्याच्या पागोट्याच्या घडीत कापसाचा एक तंतू अडकलेला मला वरून दिसत होता. त्यानं दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले.

मी पाय मागे घेतले नाहीत.